आधी घर पाहा, मग पेन्सिल उचल

चि. सोनूस,

पुण्याची नोकरी सोडून धाराशिवात ऑफिस थाटतेयस, आणि तयार प्लॅन न खपवता ज्याच्या त्याच्या अडचणीप्रमाणे आराखडा करून देणार आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. काम अवघड आहे, म्हणून लिहितोय.

नळदुर्गचा पाणीमहाल शाळेच्या सहलीत पाहिलास, तो आता पुन्हा पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर मुहम्मद इमादीननं बोरी नदीवर हा बंधारा बांधला. बंधाऱ्यानं पाणी अडलं, नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन किल्ले जोडले गेले, शिवाय भिंतीच्या पोटात महाल निघाला. नदी भरली की जादा पाणी नर-मादी या दोन सांडव्यांवरून कोसळतं आणि महालातला माणूस कोरडा राहतो. असा नकाशा दुसऱ्या कुठल्या नदीवर नेऊन चालणार नाही.

पण तुला खरं शिकायचंय ते उमरगा-लोहाऱ्याकडच्या गावांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती माळवदासकट झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतर कित्येक गावं नव्या जागी वसवली. सरळ रेषा, रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. ज्याची जमीन जेवढी त्या मानानं घर: २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फूट. ती घाई समजण्यासारखी होती, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तरी मला आजही वाटतं, कुणीतरी विचारायला हवं होतं. ढोरं कुठं बांधणार? कडबा कुठं रचणार? ज्वारीची पोती, बाळंतिणीचा आडोसा? पुढं लोकांनीच शेड टाकून, भिंती घालून घर आपल्यापुरतं करून घेतलं.

जिथं जुनी घरं जागेवरच मजबूत करायची होती, तिथं गावच्याच बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. आपल्याकडची जाड भिंत म्हणजे दोन पदर आणि मधे भरताड. हादरा बसला की बाहेरचा पदर सुटतो. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड कशाला घालायचा, माळवदावरची जादा माती का उतरवायची, हे घरमालकाला समजावणं आणि त्याची शंका इंजिनिअरपर्यंत नेणं, हे त्यांचं काम. माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

म्हणून पहिल्या भेटीत काही काढून दाखवू नकोस. घरी जा, तेही संध्याकाळी, ढोरं परतताना आणि चूल पेटताना. घरातल्या बाईला वेगळं विचार. पुरुष 'एक खोली वाढवा' म्हणतो, ती धूर कुठं कोंडतो ते सांगते. पाहणीची फी आधीच ठरव, त्यात संकोच नको.

दिवाळीआधी दोन दिवस काढून ये. टेप आणि वही घे, आपण त्याच भूकंपाच्या भागातल्या सास्तूरला जाऊ. तिथल्या ओळखीच्या दोन-तीन घरी मी बोलून ठेवतो.

तुझा,
मामा