बर्फाचे वजन आकाशातून

बाजारात गूळ घेताना आपण काट्याकडे बघतो. पण ग्रीनलंडचा बर्फ तोलायचा तर काटा कुठून आणणार? तो काही ठिकाणी ३ किलोमीटरहून जाड आहे!

अमेरिका व जर्मनी यांनी १७ मार्च २००२ रोजी 'ग्रेस' ही उपग्रहांची जोडी सोडली. शास्त्रज्ञ त्यांना लाडाने टॉम आणि जेरी म्हणत. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर दोघे एकामागे एक फिरत. मधले अंतर साधारण २२० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ धाराशिव ते पुणे.

आता गंमत बघा. तुळजापूरच्या घाटात दोन सायकली मागेपुढे निघाल्या, की पुढची आधी उताराला लागते, वेग घेते आणि मधले अंतर वाढते. मागची उताराला लागली की ते पुन्हा कमी होते. उपग्रहांचे तसेच. जिथे भार जास्त, तिथे पृथ्वीची ओढ जास्त. पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. केसाच्या जाडीहून कमी फरकसुद्धा ते रेडिओलहरींनी मोजत. यावरून दर महिन्याला ओढीचा नकाशा तयार होई. डोंगर काही महिन्याभरात हलत नाहीत. म्हणून ओढ घटली, की बर्फ किंवा पाणी घटले असे समजायचे. मात्र भार उतरला की खालची जमीनही हळूहळू वर येते, तो हिशेब वजा करावा लागतो.

२००२ पासून ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला सरासरी २५,००० कोटी टनांहून जास्त घटला. १०,००० लिटरचा टँकर धरला तर अडीच हजार कोटी टँकर! आपल्याकडे एका टँकरला केवढी झुंबड उडते, त्यावरून काय ते ओळखा.

याच जोडीने भारताचे भूजलही तोलले. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा भागात १०९ घन किलोमीटर पाणी कमी झाले, असे शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडले. ही जोडी २०१७ साली थांबली, २०१८ साली नवी गेली.

मग आपली विहीर वरून कळते का? नाही. या उपग्रहांना शेकडो किलोमीटरचा टापू एकदम कळतो. आपला अख्खा जिल्हा त्यांना लहान पडतो! २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशी टंचाई कोणत्या गावात आधी येणार, हे त्या नकाशावर दिसत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींवर येतात, टेप सोडतात आणि पाणी किती खोल गेलं ते लिहून घेतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगाभेगांतून राहते. म्हणून एका विहिरीला पाणी असते अन् बांधापलीकडची कोरडी ठणठणीत.