आकार न विसरणारी तार



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, आइस्क्रीम खाल्लं की माझ्या दातांवरची तार सैल झाल्यासारखी वाटते आणि थोड्या वेळाने पुन्हा ओढायला लागते. असं का होतं?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना आम्हा विज्ञान शिक्षकांना दातांपासून थेट हृदयापर्यंत जावे लागले. तोच प्रवास या लेखात मांडत आहोत.

एका धातूचा आवाज

त्या तारेच्या धातूचे नाव नायटिनॉल. निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात नौदलाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा होती. तिथे विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. १९५९ मध्ये त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. या मिश्रधातूची थंड कांडी फरशीवर पडली की बद्द आवाज येई आणि गरम कांडी पडली की घंटेसारखा नाद उठे. ब्यूलर यांनी गरम कांडी थंड पाण्याखाली धरली, तर तिचाही आवाज बद्द झाला. उकळत्या पाण्यात तापवल्यावर ती पुन्हा घंटेसारखी वाजली. एकाच धातूचे दोन आवाज, म्हणजे आत काहीतरी बदलत असले पाहिजे, हे त्यांनी ताडले.

पुढे १९६१ मध्ये प्रयोगशाळेच्या एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी सर्वांना पाहायला हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी या अधिकाऱ्यांनी सहज आपला लायटर पेटवून तिला आच दिली आणि पट्टी आपोआप उलगडून सरळ झाली! निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेचे नाव यांची आद्याक्षरे जोडून या धातूचे नाव 'नायटिनॉल' झाले.

सावधान आणि विश्राम

हे कसे घडते? आपली सकाळची कवायत आठवा. 'सावधान' म्हटले की सगळे ताठ उभे राहतात. 'विश्राम' म्हटले की अंग सैल होते, पण जागा आणि शेजारी तेच राहतात. नायटिनॉलमधील अणूंचेही असेच आहे. ऊब असताना त्यांची मांडणी ताठ असते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. थंडीत ती कलती होते, तिला मार्टेन्साइट म्हणतात. थंड तार वाकवली तर अणूंचे थर या किंवा त्या बाजूला कलतात, पण शेजार सोडत नाहीत. ऊब मिळाली की 'सावधान'चा हुकूम सुटतो आणि सगळे मूळ जागी ताठ होतात. साधी लोखंडी तार जास्त वाकवली की तिच्यातील अणू रांग मोडून दुसरीकडे जाऊन बसतात, म्हणून ती वाकडी ती वाकडीच राहते.

हा मूळ आकार तारेला शिकवावा लागतो. तार हव्या त्या साच्यात घट्ट बांधून सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हापासून तोच आकार तिचा 'सावधान' होतो. हुकूम किती तापमानाला सुटावा हे मिश्रणावर ठरते. निकेलच्या अणूंच्या प्रमाणात शेकडा एकदशांश इतका फरक पडला, तरी ते तापमान सुमारे १० अंशांनी सरकते. त्यामुळे शरीराच्या ३७ अंशांना जागी होणारी तार बनवता येते.

आता आइस्क्रीमचे कोडे सुटले. तोंडाच्या उबेत तार 'सावधान' असते आणि दात ओढते. आइस्क्रीमने ती 'विश्राम'मध्ये जाते. दातांसाठी या धातूचा वापर आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज अँड्रिअसन यांनी १९७० च्या दशकात रूढ केला.

आणखी एक गुण आहे. शरीराच्या तापमानाला ही तार दाबली तरी अणू कलतात आणि दाब काढताच पूर्वपदाला येतात. ताणल्यावर पोलादी तार आपल्या लांबीच्या एक टक्क्याहून कमी ताणातून पूर्ववत होते, तर नायटिनॉल सुमारे आठ टक्क्यांपर्यंतच्या ताणातून. म्हणून मोठी वस्तू बारीक नळीत कोंबून आत नेता येते आणि ती बाहेर पडताच पुन्हा उमलते.

चिरण्याऐवजी नळी

ही नळी म्हणजे कॅथेटर. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या डॉक्टरांपुढे ८२ वर्षांच्या एक बाई होत्या. रक्तवाहिनी अरुंद झाल्याने पायाला रक्त पुरत नव्हते, पण पाय कापायला त्या तयार नव्हत्या. डॉटर यांनी त्वचेतून नळ्या घालून ती रक्तवाहिनी आतूनच रुंद केली. पाय वाचला. पुढे १९८३ मध्ये डॉटर आणि अँड्र्यू क्रॅग यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी नायटिनॉलच्या वेटोळ्या तारेने रक्तवाहिनीला आतून टेकू देण्याचे प्रयोग प्राण्यांवर केले. आज पायाच्या रक्तवाहिन्यांत बसवले जाणारे, स्वतःहून उघडणारे अनेक स्टेंट नायटिनॉलचेच असतात.

यातील सर्वांत हृदयस्पर्शी उपकरण मुलांसाठीही वापरले जाते. काही बाळांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतःच भोक असते. पूर्वी ते बुजवायचे म्हणजे छाती उघडणे आणि हृदयाचे काम काही काळ यंत्राकडे सोपवणे. आईवडिलांच्या जिवाचे त्या काही तासांत काय होत असेल, हे सांगायला नको. कर्ट अँप्लाट्झ या डॉक्टरांनी नायटिनॉलच्या तारांची एक जाळी विणली. तिला दोन चकत्या आणि मध्ये कंबर. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, भोकाच्या पलीकडे एक चकती उघडतात, अलीकडे दुसरी. पडदा दोघींच्या मध्ये धरला जातो. काही महिन्यांत त्यावर शरीराचेच आवरण चढते. अमेरिकेत २००१ च्या डिसेंबरमध्ये या उपकरणाला मान्यता मिळाली.

परतीची वाट

या उपकरणातील एका छोट्या गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ही जाळी एका लांब तारेच्या टोकाला आट्यांनी बसवलेली असते. दोन्ही चकत्या उघडल्या, पण जागा चुकली, तर डॉक्टर ती पुन्हा नळीत ओढून घेतात. नीट बसल्याची खात्री झाल्यावरच आटे फिरवून ती सोडतात. चूक होऊ शकते, हे संशोधकाने आधीच गृहीत धरले आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. बोस्टनचे डॉ. मॉरिस सायमन यांनी पायातून फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची गुठळी अडवण्यासाठी नायटिनॉलची गाळणी सुचवली. थंड द्रवासोबत सरळ तार नळीतून आत जाते आणि रक्ताच्या उबेने छत्रीसारखी उघडते. कल्पना सुंदर होती, तिने अनेकांना आधार दिला. पुढे इतरही गाळण्या आल्या. त्यांपैकी काही काढता येण्याजोग्या होत्या, पण गरज संपल्यावरही आतच राहिल्या. काहींचे काटे तुटले, काही जागेवरून सरकल्या. म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना सांगितले की, गरज संपताच अशी गाळणी काढण्याचा विचार करा. आत कसे जायचे हे कळणे म्हणजे अर्धेच काम. कधी आणि कसे बाहेर यायचे, हे उरलेले अर्धे.

हृदयातील भोक बुजवणाऱ्या जाळीलाही मर्यादा आहेत. भोकाच्या कडेला पुरेसा पडदा नसेल तर ती बसत नाही, तेव्हा शस्त्रक्रियाच करावी लागते. क्वचित ती हृदयाच्या भिंतीला घासून इजा करते, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नये. निकेलची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. पालकांनी 'चिरफाड नाही, म्हणजे धोका नाही' असे समजू नये. धोका कमी असतो, शून्य नसतो.

हिशेब करून पाहा

१. कॅथेटरची जाडी 'फ्रेंच' या एककात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. मग ६ फ्रेंच आणि १२ फ्रेंच नळीचा व्यास किती? पट्टीवर मोजून वहीत तेवढी वर्तुळे काढा.

२. नाडी मिनिटाला ७० वेळा पडते असे धरा. दहा वर्षांत किती ठोके होतील? (उत्तर सुमारे ३७ कोटी येईल. म्हणूनच स्टेंट शरीरात घालण्यापूर्वी यंत्रावर सुमारे ४० कोटी वेळा दाबून-सोडून तपासतात.)

३. प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच: दंतवैद्यांकडून उबेने ताठ होणाऱ्या तारेचा न वापरलेला तुकडा मागून आणा. बर्फाच्या पाण्यात तो वाकवा, मग कोमट पाण्यात सोडा. काय दिसले ते लिहा. स्वतःच्या दातांवरील तारेला मात्र हात लावू नका.

४. विचार करा: तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी बसवताना काढण्याचा विचार केलेलाच नव्हता? ती कशी बदलाल?

विश्वस्तांनाही एक विनंती. लायटरची ती आच योगायोगाची होती, पण बद्द आणि घंटेसारख्या आवाजातला फरक ऐकणारा कान योगायोगाने तयार होत नाही. तो प्रयोगशाळेत हात काळे करून तयार होतो. आपल्या प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावरही उघडे राहिले, तर आइस्क्रीमसारखे आणखी बरेच प्रश्न आमच्यापर्यंत येतील, याची आम्हाला खात्री आहे.

— विज्ञान शिक्षक मंडळ