हिमावरील शर्यत आणि न्यायाचे गणित

आपल्या दख्खनच्या विद्यार्थ्यांस बर्फाचा परिचय बहुधा सरबताच्या पेल्यापुरताच असतो. त्यामुळे पायांस लांब पट्ट्या बांधून हिमाच्छादित पर्वतावरून घसरत खाली येण्याच्या शर्यती होतात, हेच त्यांस नवलाचे वाटेल. या पट्ट्यांस 'स्की' असे म्हणतात. परंतु त्याहून नवल हे की, ज्यांस एक पाय नाही, ज्यांची कमरेखालील शक्ती गेली आहे, किंवा ज्यांस मुळीच दिसत नाही, असे खेळाडूही या शर्यतींत उतरतात. त्यांतील सर्वांत वेगवान अशा 'डाउनहिल' प्रकारात त्यांचा वेग ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातो.

या खेळाची पद्धतशीर वाढ दुसऱ्या महायुद्धामुळे झाली. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतील अनेक सैनिक हातपाय गमावून घरी परतले. स्कीवर फिरणे त्यांच्या अंगवळणी पडलेले. ते सोडावयास त्यांचे मन घेईना. तेव्हा कुबड्यांच्या टोकांस आखूड स्की बसवून एका पायावर तोल सांभाळण्याची युक्ती निघाली. इ. स. 1948 मध्ये ऑस्ट्रियातील बाडगास्टाइन येथे अशा खेळाडूंची स्पर्धा भरली. तीत 17 जणांनी भाग घेतला. पुढे 1976 साली स्वीडनमध्ये पहिले हिवाळी पॅरालिंपिक सामने झाले, आणि 1984 साली इन्सब्रुक येथे डाउनहिल शर्यतीचा त्यांत समावेश झाला.

स्पर्धकांचे आज तीन वर्ग आहेत: उभे राहून खेळणारे, बसून खेळणारे आणि दृष्टिहीन अथवा अल्पदृष्टी. बसून खेळणाऱ्याचे आसन एकाच स्कीवर बसविलेले असते. आसनाखाली धक्के सोसणारी यंत्ररचना असते, आणि दोन्ही हातांत टोकाशी लहान स्की असलेल्या काठ्या असतात. दृष्टिहीन स्पर्धकापुढे एक डोळस मार्गदर्शक घसरत जातो व वळणे कोठे आहेत हे बोलून सांगतो. मागचा त्या आवाजावर विश्वास ठेवून देह झोकून देतो. पदक मिळाले तर ते दोघांसही मिळते. स्लोव्हाकियाच्या हेन्रिएटा फार्काशोवा हिने 2018 साली प्योंगचांग येथे चार सुवर्णपदके जिंकली, तेव्हा मार्गदर्शिका नतालिया शुब्रतोवा हिचाही तो विजय होता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. उभ्या वर्गात कोणास एक हात नसतो, कोणास एक पाय. या दोघांत श्रेष्ठ कोण, हे नुसत्या घड्याळाने कसे ठरावे? पूर्वी प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वाची शर्यत निराळी धरीत. त्यामुळे पदके पुष्कळ व स्पर्धक थोडे अशी स्थिती होई. 2006 च्या तोरिनो येथील सामन्यांपासून तीन वर्ग करून वेळेला गुणकाने गुणण्याची पद्धत आली. समजा, एकास 75 सेकंद लागले व त्याचा गुणक 1 आहे. दुसऱ्यास 80 सेकंद लागले, परंतु त्याचे अपंगत्व अधिक असल्याने गुणक 0.9 आहे. पहिल्याची वेळ 75 च राहते, दुसऱ्याची 72 होते. सबब दुसरा विजयी ठरतो.

कोणी म्हणेल, ही तर सवलत झाली. आमच्या मते तसे नाही. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि घेणाऱ्यास मान खाली घालावी लागते. गुणक पूर्वीच्या शर्यतींच्या निकालांवरून काढलेला असतो, शर्यतीपूर्वी सर्वांस ठाऊक असतो, व तो व्यक्तीकडे न पाहता लागू होतो. तो निर्दोष आहे असे मात्र समजू नये. ज्या प्रकारात स्पर्धक मूठभर, तेथे एखाद्या असामान्य खेळाडूमुळे सरासरी बिघडू शकते. म्हणूनच गुणक वेळोवेळी तपासावे लागतात. न्यायाचा काटा एकदा बसविला म्हणजे काम संपले, असे होत नाही.

सर्वांस एकच माप लावणे म्हणजे समता, अशी आपली सामान्य समजूत असते. हा खेळ शिकवितो की, माप लावण्यापूर्वी कोणाच्या वाटेत काय अडचण आहे, हे मोजणे न्यायास आवश्यक आहे. तथापि डोंगराचा उतार कोणासाठीही कमी केला जात नाही, हेही विसरता कामा नये. गणित वेळेपुरते साहाय्य करते. उतार ज्याचा त्यानेच उतरावयाचा असतो. म्हणून त्या विजयाकडे दयेने नव्हे, तर आदराने पाहणे हेच आम्हांस योग्य वाटते.