झाडावर चढणाऱ्याची करवत

मृग जवळ आला होता. आमच्या घराच्या टिनांवर कडुनिंबाची एक जाड फांदी वाकली होती. वारा सुटला की ती टिनांवर घासे. झाडे छाटणाऱ्या एका गड्याला मी बोलावले. म्हणालो, "बाबा, झाड तोडू नको. तेवढी फांदीच उतरव."

तो पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आला. तिला कोणी कटर म्हणतात, कोणी चेनसॉ. तो दोर न बांधताच वर चढला. डाव्या हाताने फांदी धरली. उजव्या हाताने करवत चालवली. करवतीचे टोक दुसऱ्या फांदीला लागले आणि करवत एकदम उसळली. त्याची बाही फाटली. हात वाचला. मी खाली उभा होतो. मजुरी मीच देणार होतो. पण दोर आणला का, हे मी विचारले नव्हते.

खाली उतरून तो म्हणाला, "गुरुजी, ही जड होते. आता वरच्या मुठीची लहान घेतो. ती तं एका हातानं चालते!"

त्याचे हे बोलणे मला काही पटले नाही. का ते सांगतो.

साखळीच्या करवती दोन तऱ्हेच्या असतात. एकीची मूठ मागे असते. ती जमिनीवर उभे राहून चालवायची. दुसरीची मूठ यंत्राच्या माथ्यावर असते. ती आखूड असते. फांद्यांच्या दाटीत ती सहज फिरते. पाते आणि साखळी सोडली तर तिचे वजन साधारण ३ ते ४ किलो भरते. ही करवत फक्त झाडावर दोराने बांधून काम करणाऱ्या, शिकलेल्या माणसासाठी केलेली आहे. जमिनीवर लाकडे फोडायला ती घेऊ नये.

माथ्यावर मूठ आहे म्हणून ती एका हाताने उचलता येते. पण कापताना दोन्ही हात लागतात. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की करवत मागे, आपल्या तोंडाकडे उसळते. लहान करवतीच्या दोन्ही मुठी जवळजवळ असतात. त्यामुळे झटका आवरायला आणखी कठीण. शिवाय डावा हात फांदीवर असला, तर साखळी त्याच हाताकडे येते. पुढच्या मुठीसमोर एक आडवी पट्टी असते. मनगटाचा धक्का बसला की ती साखळी थांबवते. हाच साखळीचा ब्रेक. डावा हात मुठीवरच नसेल, तर मनगट पट्टीला लागणार कसे?

दुकानात गेल्यावर आधी हा ब्रेक पाहा. मागे कमरेच्या दोराला अडकवायची कडी आहे का, तेही पाहा. पाते १२ इंची पुरते; लांब पात्याचा मोह नको. करवत दोन्ही हातांत धरून पाहा. साखळी आणि सुटे भाग वर्ध्याला किंवा नागपूरला मिळतील का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे, ते यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तेवढेच घालावे. आता बॅटरीच्या करवतीही निघाल्या आहेत. त्यांना धूर नाही, दोरी ओढावी लागत नाही. पण खटका दाबताच त्यांची साखळी धावते, तेव्हा त्यांनाही गरीब समजू नये.

करवतीच्या आधी कंबरपट्टा आणि दोर घ्यावे लागतात. कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. त्यातल्या एका दोराच्या पोटात पोलादी तार असावी, म्हणजे साखळी लागली तरी तो झटकन तुटत नाही. डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण हवे. खाली कोणी उभे राहू नये. मी उभा होतो, ती माझी चूकच. विजेची तार जवळ असेल तर आधी वायरमनला सांगून वीज बंद करावी. आणि सबंध झाडच तोडायचे असेल, तर झाडे तोडण्याविषयीचा १९६४ चा कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच अशा झाडांना परवानगी लागते.

मनगटाएवढ्या फांदीला तर यंत्र लागतच नाही. वाकड्या दातेरी हातकरवतीने ती निघते.

आमच्या गड्याने लहान करवत अजून घेतलेली नाही. आधी पट्टा आणि दोर आणले. पैसे कमी पडले, ते मी दिले. कडुनिंबाची ती फांदी त्याने दोर बांधून, हातकरवतीने, तीन तुकड्यांत उतरवली. दुपार गेली त्यात.