युरोपचा प्रवास: व्हिसा कोणाला, परवानगी कोणाला?

परदेशाशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला मालाची पारख असून भागत नाही, कागदाचीही पारख लागते. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे दर जानेवारीत चादरी, टॉवेल, पडदे अशा कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' प्रदर्शन भरते. फेब्रुवारीत तेथेच घरगुती व शोभेच्या वस्तूंचे 'अँबियंटे' भरते. चामड्याच्या व्यवसायासाठी इटलीतील मिलानचे 'लिनियापेले' प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्याचे स्टॉलचे भाडे, तिकीट, हॉटेल आणि नमुन्यांचा खर्च हे सारे आगाऊ गेलेले असते. एक कागद कमी पडला म्हणून विमानात बसू दिले नाही, तर हा सर्व पैसा बुडतो आणि ठरलेला गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातो.

म्हणून युरोपच्या 'एटियास' या नव्या योजनेची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना असणे आवश्यक आहे.

एटियास म्हणजे काय?

काही देशांच्या नागरिकांना युरोपात अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. अशा ५९ देश व प्रदेशांच्या नागरिकांनी निघण्यापूर्वी संगणकावरून अर्ज करून प्रवासाची परवानगी घ्यावी, अशी ही योजना आहे. तिचा कायदा युरोपीय संघाने २०१८ साली केला. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करण्याचे संघाने जाहीर केले आहे. सुरुवातीचे किमान सहा महिने सवलतीचा काळ राहील.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली अशी पद्धत आणली. अमेरिकेने २००९ पासून आणि कॅनडाने २०१६ पासून ती सक्तीची केली. ब्रिटननेही २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ती लागू केली आहे.

एटियास ३० देशांना लागू आहे. त्यांत शेंगेन गटाचे २९ देश व सायप्रस येतात. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी या यादीत आहेत. आयर्लंड संघात असूनही यादीत नाही.

परवानगी पासपोर्टाप्रमाणे ठरते

येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. कोकणातील अनेक घरांतील माणसे तीन-तीन देशांत विखुरलेली आहेत. समजा, एकाच कुटुंबातील तिघे भागीदार फ्रँकफर्टला निघाले. पहिला मुंबईत राहतो व त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. दुसरा, त्याचा चुलतभाऊ, इंग्लंडमध्ये राहतो व त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. तिसरा, त्याचा मेहुणा, दुबईत नोकरीला आहे, पण त्याचा पासपोर्ट भारतीयच आहे.

यांपैकी इंग्लंडच्या चुलतभावाला व्हिसा नको, मात्र योजना सुरू झाल्यावर एटियास लागेल. मुंबईच्या भागीदाराला एटियासचा काहीही उपयोग नाही. त्याला शेंगेन व्हिसाच काढावा लागेल. दुबईच्या मेहुण्यालाही तोच व्हिसा लागेल. दुबईचा रहिवास असल्याने त्याला तेथून अर्ज करता येतो, पण व्हिसा टळत नाही.

थोडक्यात, आपण कोठे राहतो यापेक्षा आपल्या हातातील पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे आधी पाहावे. वैध शेंगेन व्हिसा असणाऱ्याला एटियास वेगळा काढावा लागत नाही.

एटियासचा अर्ज

शुल्क २० युरो आहे. १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना ते माफ आहे, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र करावा लागतो. लहान मुलेही त्यातून सुटत नाहीत.

अर्जात नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, शिक्षण, व्यवसाय व प्रवासाचा बेत विचारला जातो. पूर्वी एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, युद्धग्रस्त भागात जाणे झाले आहे काय, कोणत्या देशाने निघून जाण्याचा हुकूम दिला होता काय, हेही विचारले जाते. येथे खरे तेच लिहावे, कारण अर्ज पोलीस व सीमा खात्यांच्या नोंदींशी पडताळून पाहिला जातो.

बहुतेक अर्जांचा निकाल काही मिनिटांत लागतो. काहींना चार दिवस लागतात. जास्त कागद मागवले तर आणखी १४ दिवस आणि मुलाखतीस बोलावले तर ३० दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणून तिकीट व हॉटेल पक्के करण्यापूर्वीच अर्ज करणे शहाणपणाचे. अर्ज नामंजूर झाल्यास कारण कळवले जाते व त्यावर अपील करता येते.

परवानगी तीन वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते. ती पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते. नवा पासपोर्ट घेतला की अर्जही नवा करावा लागतो. क्रमांक भरताना एक अक्षर चुकले, तरी विमान कंपनीच्या तपासणीत अडचण येते.

परवानगी हाती असली तरी आत सोडायचे की नाही, हे शेवटी सीमेवरील अधिकारी ठरवतो. प्रदर्शनाचे निमंत्रणपत्र, हॉटेलची नोंद व परतीचे तिकीट जवळ ठेवावे.

९० दिवसांचा हिशेब

व्हिसा असो वा एटियास, अल्प मुक्कामाचा नियम एकच आहे. कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. येण्याचा व जाण्याचा दिवसही मोजला जातो. एकदा बाहेर पडले की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, ही समजूत चुकीची आहे.

उदाहरण पाहू. वरील चुलतभाऊ ५ जानेवारी ते ३ फेब्रुवारी जर्मनीत राहिला. हे ३० दिवस झाले. पुढे १ ते ३० एप्रिल इटलीत राहिला. एकूण ६० दिवस झाले. १ जूनला तो फ्रान्सला गेला. त्याच्याकडे ३० दिवस उरले आहेत, म्हणून ३० जूनला त्याने बाहेर पडलेच पाहिजे. १ जुलैला मागचे १८० दिवस मोजले तर जानेवारीचे सर्व दिवस अजून हिशेबात असतात आणि बेरीज ९१ होते. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल, तर ४ जुलैला ५ जानेवारीचा दिवस हिशेबातून गळतो. त्या दिवसापासून त्याला पुन्हा येता येईल.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत फोटो व बोटांचे ठसे घेऊन संगणकच दिवस मोजतो. एक दिवस जादा राहिल्याचीही नोंद राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ती समोर येते.

भारतीय पासपोर्टधारकांसाठी

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. तो किमान १५ दिवस आधी दिलाच पाहिजे, पण प्रदर्शनांच्या हंगामात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून बरेच आधी हालचाल करावी. ज्या देशात मुख्य मुक्काम आहे, त्याच देशाकडे अर्ज करावा. ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.

एक सोय मुद्दाम लक्षात ठेवावी. एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार, भारतात राहणाऱ्या ज्या भारतीयाने मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील, त्याला दोन वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचाही मिळतो. ठरलेल्या दिवशी परतणाऱ्या व्यापाऱ्याला सचोटीचा असा रोख फायदा आहे.

दोन गोष्टींची सावधगिरी

पहिली, दलालांची. एटियाससाठी सरकारी संकेतस्थळ एकच आहे व त्याच्या नावाच्या शेवटी 'युरोपा डॉट ईयू' असते. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेण्यास मनाई नाही, परंतु मूळ शुल्क २० युरोच आहे, हे ध्यानात ठेवून पैसे द्यावेत. योजना सुरू होण्यापूर्वी अर्ज स्वीकारलेच जात नाहीत, म्हणून त्याआधी पैसे मागणारा फसवतो आहे असे समजावे. भारतीय पासपोर्टवर एटियास काढून देतो असे सांगणाराही तसलाच.

दुसरी, मालाची. ही परवानगी माणसाची आहे, मालाची नव्हे. बोलणी करणे, प्रदर्शन पाहणे, सौदा ठरवणे यांसाठी ती चालते. तेथे पगारी काम करायचे असेल तर त्या देशाचा वेगळा परवाना लागतो. दाखवून परत आणायच्या नमुन्यांसाठी 'एटीए कार्ने' नावाचा जकातीचा कागद असतो व भारतात तो फिक्की ही संस्था देते. जो माल तेथेच विकायचा आहे, त्याला हा कागद चालत नाही, त्याची जकात रीतसर भरावी लागते.

भागीदारीत परदेशी जाणाऱ्यांनी स्टॉलचे पैसे भरण्यापूर्वी सर्वांचे पासपोर्ट एकदा समोर मांडावेत. प्रत्येकापुढे देश, मुदत आणि लागणारा कागद लिहून काढावा. या कामाला अर्धा तास लागतो, आणि बराच खर्च वाचतो.