गाडीचे 'घोडे' खरंच वाढले का?

समजा, तुम्ही तुमच्या स्पोर्ट्स कारचं ट्यूनिंग करून घेतलंत. नवा एअर फिल्टर, बदललेला एक्झॉस्ट आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये नवं सॉफ्टवेअर. गॅरेजवाला कागद दाखवतो: आधी २८० पीएस, आता ३१०. तीस घोडे वाढले! पैसे चुकते करण्याआधी जरा थांबा आणि हे दोन आकडे कसे आले ते बघा.

आधी एकक. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जी शक्ती लागते, ती १ पीएस, म्हणजे ७३५.५ वॅट. ब्रिटिश हॉर्सपॉवर किंचित मोठी, ७४५.७ वॅट. म्हणून एकाची तुलना दुसऱ्याशी करू नका. जर्मनीत गप्पांमध्ये पीएस चालतो, पण गाडीच्या नोंदणीपत्रात किलोवॅटच असतात.

शक्ती मोजायला गाडी रोलरवर चढवतात. चाकं रोलर फिरवतात आणि यंत्र टॉर्क व फेरे मोजतं. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाला होणारे फेरे, भागिले ९५४९, की झाले किलोवॅट. ५००० फेऱ्यांना ४०० न्यूटन-मीटर असतील, तर साधारण २०९ किलोवॅट, म्हणजे २८५ पीएस.

पण ही चाकांपाशी पोचलेली शक्ती झाली. गिअर, डिफरन्शियल आणि टायर वाटेत काही खाऊन टाकतात. म्हणून वरच्या फेऱ्यांना पोचल्यावर क्लच दाबून गाडी तशीच सोडतात. रोलर किती लवकर मंदावतात त्यावरून हे नुकसान काढतात आणि चाकांवरच्या शक्तीत मिळवतात. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा पट्टे जास्त आवळले असतील, तर हा हिशोबही हलतो.

खरी गंमत हवेत आहे. इंजिन हवा ओढतं. हवा विरळ असली की ऑक्सिजन कमी आणि शक्तीही कमी. 'डिन ७००२०' या जर्मन मानकात १०१३ मिलिबार दाब आणि २० अंश तापमान प्रमाण धरतात. मोजलेल्या आकड्याला (१०१३ ÷ दाब) × √((२७३ + तापमान) ÷ २९३) याने गुणायचं.

आता प्रमाण हवेत ३०० पीएस देणारं, टर्बो नसलेलं इंजिन घ्या. म्युनिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंच, जवळपास आपल्या पुण्याइतकंच. तिथे उन्हाळ्यात ९५० मिलिबार आणि २५ अंश असताना ते सुमारे २७९ पीएस दाखवेल. हॅम्बुर्गला हिवाळ्यात १०२५ मिलिबार आणि ५ अंशांना सुमारे ३१२. एका स्क्रूलाही हात न लावता तेहेतीस पीएसचा फरक!

टर्बो इंजिनात टर्बो स्वतःच हवेची कमतरता बरीचशी भरून काढतो. तिथे हाच गुणक आंधळेपणाने लावला, तर आकडा उगाच फुगतो.

अजून एक गोष्ट. प्रत्येक मोजणीत समजा २ टक्के चूक असेल, तर ३०० वर ती ६ पीएस. फायदा म्हणजे दोन मोजण्यांतली वजाबाकी, आणि वजाबाकीत ही चूक सुमारे साडेआठ पीएस होते. मग एअर फिल्टरने वाढलेले ८ पीएस एकेका मोजणीतून सिद्ध कसे होणार?

म्हणून गॅरेजमध्ये हे मागा:

- बदलाआधी आणि बदलानंतर, दोन्ही मोजण्या एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच दिवशी.
- तोच गिअर, टायरमध्ये तितकीच हवा, तेल आणि इंजिन तितकंच तापलेलं.
- प्रत्येक वेळी निदान तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. सगळ्यात चांगली फेरी नव्हे.
- कागदावर दाब, तापमान, लावलेला गुणक आणि दुरुस्तीआधीचा आकडा.

आणि घोडे खरंच वाढले असतील, तर पुढचं कामही आहे. असा बदल इथे तज्ज्ञाकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच रद्द ठरू शकते आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रश्न विचारते. तेव्हा तुमच्या हातात खात्रीचा आकडा हवा.