समजीविता आणि घरचा किराणा

कुटुंबाने किराण्यावर किती खर्च करावा? केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात एकूण खर्चापैकी सुमारे ४६ टक्के, तर शहरी भागात सुमारे ३९ टक्के खर्च अन्नावर होतो. मिळकत जितकी कमी, तितका हा वाटा मोठा. म्हणून सर्वांना एकच आकडा लावणे न्याय्य नव्हे.

अंगुत्तर निकायात तथागतांनी कोलियपुत्र दीघजाणूला ‘समजीविता’ सांगितली आहे. तराजू धरणाऱ्याप्रमाणे गृहस्थाने आपला आय-व्यय जाणावा. उधळपट्टी करू नये, तसेच मिळकत असून हलाखीतही जगू नये. सिगालोवाद सुत्तात संपत्तिनाशाची सहा द्वारे सांगितली आहेत: मद्यपान, अवेळी भटकणे, नाचतमाशांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस. त्यांत अन्न नाही.

तेव्हा मिळकत हाती येताच प्रथम धान्य, डाळ, तेल, भाजी आणि मुलांच्या दूध-अंड्यांची रक्कम बाजूला काढावी. काटकसर करायची ती व्यसनांत आणि कर्ज काढून केलेल्या समारंभांत करावी. मुलांच्या ताटातले वरण पातळ करून केलेल्या बचतीची किंमत पुढे त्यांच्या शरीराला व अभ्यासाला मोजावी लागते.